धार आणि घार

२०२० च्या एप्रिलमध्ये माझ्याकडे छापील प्रुफं येणं थांबलं. त्याआधीची बावीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम कागदावरच केलं होतं. दादरहून माणूस गठ्ठा घेऊन डोंबिवलीला यायचा, मी लाल पेनानं खुणा करायची, चार दिवसांनी गठ्ठा परत जायचा. टाळेबंदीत तो माणूस येईना आणि गठ्ठ्याच्या जागी ईमेलनं पीडीएफ यायला लागली. घरात एक लॅपटॉप होता, १५.६ इंची. जेवणाच्या टेबलावर तो मांडून, मान खाली घालून मी दिवसाचे सहा-सात तास वाचत बसायची. महिन्याभरात उजवा खांदा पार आखडला.

म्हणून बाजार उघडल्यावर मोठा पडदा घ्यायचं ठरवलं. मोठा म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. फोनवर दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “ताई, सत्तावीस घ्या, वाचायला मोठं दिसेल.” साडेचौदा हजारांना २७ इंची मॉनिटर घरी आला.

मोठं दिसलं खरं. पण दुसऱ्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला. कोकणातल्या पावसावरच्या एका लेखात ‘संततधार’च्या जागी ‘संततघार’ राहून गेलं होतं. मी ते पान दोनदा वाचलं होतं. फोन ठेवल्यावर तीच पीडीएफ लॅपटॉपवर उघडली, तर चूक पहिल्या नजरेत दिसली. पडदा लहान, अक्षर लहान, आणि तरी स्पष्ट. नव्या पडद्यावर तोच शब्द पुन्हा पाहिला तर ध आहे की घ, याची खात्री होण्यासाठी मला पुढे वाकावं लागत होतं. हे कोडं सुटल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

शिवणाची टेप काढली आणि दोन्ही पडद्यांची रुंदी मोजली. लॅपटॉप साडेचौतीस सेंटिमीटर, नवा मॉनिटर जवळजवळ साठ. दोन्हींच्या माहितीपत्रकावर एकच शब्द होता, ‘फुल एचडी’. म्हणजे आडव्या रांगेत १९२० आणि उभ्या रांगेत १०८० ठिपके. भागाकार केला. लॅपटॉपवर एका सेंटिमीटरात ५६ ठिपके येत होते, नव्या पडद्यावर ३२. तेवढ्याच पिठाचा गोळा लाटत लाटत मोठा केला की पोळी विरते, तसं झालं होतं. मी ठिपके जास्त घेतले नव्हते, आहेत तेच विरळ करून घेतले होते.

आता हे विरळ होणं इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा मराठी वाचणाऱ्याला जास्त का जाचतं, ते सांगते. १२ पॉइंटचा टाइप म्हणजे वरपासून खालपर्यंत ४.२ मिलिमीटरची जागा. लेझर प्रिंटर इंचाला ६०० ठिपके उमटवतो, म्हणजे कागदावर या जागेत १०० ठिपके मिळतात. माझ्या लॅपटॉपवर पान खऱ्या मापात ठेवलं तर २३, नव्या मॉनिटरवर १३ किंवा १४. एवढ्यात सगळं बसवायचं. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार. मधे अक्षर, आणि ते ‘द्ध’ किंवा ‘ष्ट्य’ असलं तर एकाच्या जागेत दोन-तीन वर्णांची दाटी. अक्षराच्या मधल्या अंगाला सहा-सात ठिपके उरतात. ध आणि घ यांच्यातला फरक डावीकडच्या डोक्यावर रेघ तुटलेली आहे की जोडलेली, एवढाच. भ आणि म यांचंही तेच. ब आणि व, ष आणि प यांच्यात पोटातली एक तिरकी रेघ. ती फट किंवा ती रेघ एका ठिपक्याहून बारीक झाली की पडदा तिथे राखाडी रंग भरतो आणि पुढचं काम डोळ्यावर सोपवतो. डोळा मग संदर्भावरून अंदाज बांधतो. गोष्टीचं पुस्तक वाचताना तो अंदाज बहुधा बरोबर येतो. दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्याला मात्र या सततच्या अंदाजाचा थकवा येतो आणि तो कशाचा आहे हेही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

फॉन्टचाही यात वाटा असतो. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं असलेला ‘मंगल’ सुलेखनकार र. कृ. जोशींनी रेखाटलेला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ अंगानं मोकळा आहे. स्वतःची टिपणं टाइप करणार असाल तर असा मोकळ्या पोटाचा फॉन्ट निवडा, कमी ठिपक्यांतही तो तग धरतो. पण दुसऱ्यानं केलेली पीडीएफ ज्या फॉन्टमध्ये येईल त्यातच वाचावी लागते. आणि जुन्या पुस्तकाचं स्कॅनच फिकट असेल तर कितीही भारी पडदा त्यात जीव आणू शकत नाही.

मॉनिटर घेताना इंच विचारण्याआधी ठिपक्यांची दाटी काढायची, हा माझा पहिला सल्ला आहे. त्यासाठी एक साधा हिशेब आहे. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून, ३४३८ या आकड्याला एका सेंटिमीटरातल्या ठिपक्यांनी भागलं की किती सेंटिमीटरवरून ठिपके वेगळे दिसेनासे होतील ते मिळतं. माझ्या २७ इंची फुल एचडीला हे अंतर १०७ सेंटिमीटर आलं. २४ इंची फुल एचडीला ९४. २७ इंचीतच २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, ज्याला दुकानात टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात, त्याला ८०. आणि त्याहूनही दाट ठिपक्यांच्या २७ इंची फोर-केला ५४. टेबलाशी बसून वाचताना डोळा आणि पडदा यांच्यात हातभर, म्हणजे साठ-पासष्ट सेंटिमीटर अंतर असतं. या चौघांत त्या अंतरावर कागदासारखं अक्षर फक्त शेवटचा देतो. बाकीच्यांवर वाचता येत नाही असं मुळीच नाही, अक्षर मोठं करून त्यांच्यावर चांगलं काम होतं. पण मग एका वेळी कमी मजकूर दिसतो, आणि तेवढ्यासाठी मोठा पडदा घेतला असेल तर त्याचा उपयोग तितका कमी होतो.

इंचांचीही एक गंमत मला टेपनंच कळली. इंच मोजतात ते कर्णावर, आणि वाचणाऱ्याला कर्ण लागत नाही, उंची लागते. ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. २४ इंची म्हणून विकतात तो पडदा बहुधा २३.८ इंची असतो आणि त्याची उंची २९.६ सेंटिमीटर भरते, म्हणजे ए-फोरला फक्त एका मिलिमीटरनं कमी. रुंदी ५२.७, त्यात दोन ए-फोर शेजारी शेजारी बसून वर दहा सेंटिमीटर उरतात. याचा अर्थ २४ इंची हा खऱ्या अर्थानं दोन पानांचा पडदा आहे, अट एवढीच की वरच्या-खालच्या पट्ट्यांनी जागा खाऊ नये. ब्राउझरमध्ये एफ-इलेव्हन आणि ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल-एल दाबलं की पान पडदाभर पसरतं. १५.६ इंची लॅपटॉपची उंची १९.४ सेंटिमीटर असते, म्हणून त्यावर पान कधीच पुरतं मावत नाही आणि आपण सारखं वर-खाली सरकवत राहतो. २४ इंचीतच १९२० बाय १२०० ठिपक्यांचे मॉनिटर मिळतात, त्यांची उंची ३२ सेंटिमीटरच्या थोडी वर जाते. वाचणाऱ्यासाठी ते जास्तीचे तीन सेंटिमीटर फार मोलाचे आहेत. ३२ इंची मी घरच्या टेबलासाठी कुणालाही सुचवत नाही. त्याची रुंदी ७० सेंटिमीटर, हातभर अंतरावरून या टोकाचं वाचून त्या टोकाला जाताना डोळ्यांबरोबर मानही फिरते.

दुसऱ्यांदा खरेदीला मी फोनवर विसंबले नाही. एक पान तयार केलं. त्यात धार–घार, भाला–माला, बार–वार, दिन–दीन, सुत–सूत अशा जोड्या १०, १२ आणि १४ पॉइंटमध्ये, मंगल आणि मुक्त दोन्हींत टाइप केल्या. ते पान आणि एका जुन्या पुस्तकाचं स्कॅन पेन-ड्राइव्हवर घेतलं, सोबत त्याच पानाची छापील प्रत घेतली, आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत सगळ्या पडद्यांवर धबधबे आणि रंगीत पोपट चालू असतात. पोपट कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतो. मी माझं पान उघडायला सांगितलं. पहिल्या दुकानातल्या मुलानं नकार दिला. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी खुर्ची दिली आणि माझा पेन-ड्राइव्ह जोडलेल्या मशिनला पडदे एकेक करून लावले. २४ इंची फुल एचडीवर १२ पॉइंटचा ध ओळखू येत होता, १० चा अडखळत. क्यूएचडीवर १० चाही आला, दीर्घ उकाराचं शेपूट मात्र अजून बोथट होतं. फोर-केवर छापील प्रत शेजारी धरली आणि मी गप्प झाले. काका म्हणाले, “ताई, तीस वर्षं दुकान चालवतोय, असं अक्षर लावून कुणी बघितलं नाही.” तोच घेतला. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्क्यांवर ठेवलं की त्यावर मजकूर क्यूएचडीएवढाच मावतो, पण प्रत्येक अक्षराला उभे आणि आडवे, दोन्ही ठिपके दीडपट मिळतात.

घरी आल्यावर जुन्या लॅपटॉपला जोडला तर माऊसचा बाण धक्के खात चालू लागला. लॅपटॉपचं एचडीएमआय जुन्या पिढीचं, १.४ होतं, ते फोर-के चित्र सेकंदाला तीसदाच पाठवू शकतं. वाचायला त्यानं अडत नाही, पान सरकवताना जाणवतं. फोर-के घेणाऱ्यानं आपल्या मशिनचं एवढं एक आधी पाहून ठेवावं. गेम खेळणाऱ्यांसाठीचे १४४ आणि १६५ हर्ट्झचे आकडे, वक्र पडदा, रंगीत दिवे यांच्यावर वाचणाऱ्यानं एक रुपयाही घालवू नये. पॅनल आयपीएस असावं, कडेनं पाहिलं तरी अक्षर फिकट होत नाही. पृष्ठभाग मॅट असावा. आणि स्टँड वर-खाली होणारा असावा. यावर मी अडून बसते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझे आजोबा रोज सकाळी पोथी वाचायचे. पाटावर बसायचे आणि पोथी समोर तिरप्या लाकडी घडीच्या व्यासपीठावर असायची. नजर खाली, मान किंचित झुकलेली, पोथीचं पान त्यांच्याकडे तोंड करून कललेलं. दोन-दोन तास बसत. वाचन ही खाली पाहून करायची गोष्ट आहे. नजर खाली असली की पापणी डोळ्याचा बराच भाग झाकून ठेवते आणि डोळा लवकर कोरडा पडत नाही. नव्या मॉनिटरला मात्र लोक देव्हाऱ्यासारखं उंचावर बसवतात, खाली दोन जाड पुस्तकं सरकवतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या थोडी खाली हवी, वर कधीच नको. आणि पडदा त्या व्यासपीठासारखा थोडा मागे कललेला हवा.

माझ्यासारखे पन्नाशीतले, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणारे असतील तर पडदा आणखी खाली घ्यावा लागतो. या चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडदा उंच असला की त्या भागातून पाहण्यासाठी आपण नकळत हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. मी सहा महिने मानेचे व्यायाम केले. मग नेत्रतज्ज्ञांनी एक प्रश्न विचारला: डोळ्यापासून पडदा किती लांब? मला सांगता आलं नाही. घरी येऊन मोजलं, ६२ सेंटिमीटर. त्या अंतराचा, एकाच नंबरचा, फक्त कामासाठीचा वेगळा चष्मा त्यांनी करून दिला. मान पंधरा दिवसांत सुटली. निळा प्रकाश अडवणारी काच त्यांनी सुचवली नाही. पडद्याच्या निळ्या प्रकाशानं डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही सांगते. थकवा येतो तो मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून. एरवी मिनिटाला पंधरा वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर पाच-सात वेळाच लवते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावं, असं डॉक्टर सांगतात. माझ्या खिडकीतून समोरच्या सोसायटीतलं बदामाचं झाड दिसतं, मी त्याची पानं पाहते.

खिडकी समोर नको आणि पाठीशीही नको, बाजूला हवी. मॉनिटर बंद करून काळ्या पडद्यात पाहा. त्यात ट्यूबलाइट किंवा खिडकीची चौकट दिसली तर जागा चुकली. पडद्याचा उजेड ठरवायला पांढरा कागद शेजारी धरते. पडदा दिव्यासारखा पेटलेला वाटला तर उजेड कमी करायचा, मळकट वाटला तर वाढवायचा, दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत. दुकानातून येतो तो मॉनिटर जवळजवळ नेहमीच फार उजळ असतो. काळ्यावर पांढरी अक्षरं पुष्कळांना आवडतात. मला दृष्टिवैषम्य आहे, मला ती पसरलेली दिसतात आणि अनुस्वार तर शिरोरेषेला चिकटतात.

उभा पडदा हा मोह मलाही झाला होता. स्टँड फिरवला की लांबलचक पान एका दमात दिसतं. पण २४ इंची उभा केला की त्याची उंची ५३ सेंटिमीटर होते, वरचा मजकूर डोळ्यांच्या वर जातो. शिवाय प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो आणि विंडोजचं क्लिअरटाइप त्या पट्ट्यांचा आधार घेऊन अक्षराची कड गुळगुळीत करतं. पडदा उभा केला की पट्ट्या आडव्या होतात आणि कडांना रंगीत झाक येते. मी आडव्यावरच राहिले. डाव्या अर्ध्यात प्रूफ, उजव्या अर्ध्यात शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थ किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश. दोन मॉनिटरांची गरज पडली नाही.

गेल्या वर्षी बदलापूरहून बहिणीची मुलगी राहायला आली. राज्यसेवेची तयारी करते. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे तिला वाचता वाचता हातानं पानंच्या पानं उत्तरं लिहावी लागतात. “मावशी, मलाही तुझ्यासारखा घेऊ का गं?” तिनं विचारलं. तिच्याकडे आठ हजार रुपये होते. मी आधी तिच्या घरचं टेबल मोजायला सांगितलं. खोली ४५ सेंटिमीटर. मॉनिटरचा स्टँड त्यातले वीस खातो, उरलेल्या पंचवीसात वही सरळ मावत नाही, आणि पडदा नाकाशी येतो. फोर-के घेतला असता तरी तिला सुख लागलं नसतं.

आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला त्याच काकांकडे गेलो आणि एका ऑफिसातून निघालेला जुना, २४ इंची, १९२० बाय १२०० चा मॉनिटर घेतला. स्टँड काढला. पाठीमागे चार स्क्रूंची भोकं असतात, दहा-दहा सेंटिमीटरवर. हे माप बहुतेक कंपन्यांचं एकच असतं. त्यावर भिंतीचा ब्रॅकेट बसवला आणि सुतारानं पडदा टेबलाच्या मागच्या भिंतीवर टेकवून दिला, खालची कड टेबलापासून चार बोटं वर. टेबलाची सगळी ४५ सेंटिमीटर वहीला मिळाली. खुर्ची थोडी मागे घेतली की डोळा आणि पडदा यांत साठ सेंटिमीटर होतात. डावीकडे वहीपुरता दिवा, त्याची टोपी पडद्याकडून वळवलेली. पीडीएफ ती १३० टक्क्यांवर वाचते, त्यामुळे १२ पॉइंटच्या अक्षराला जवळजवळ वीस ठिपके मिळतात. मान वहीवरून पडद्याकडे फार उचलावी लागत नाही, कारण पडदा मुद्दामच खाली आहे. सगळं मिळून सव्वासात हजारांत झालं.

माझा पहिला २७ इंचीही तिच्याचकडे गेला. तो हॉलमध्ये दिवाणापासून सव्वा मीटरवर लावलाय, ती त्यावर व्याख्यानं पाहते. त्या अंतरावर त्याचे ठिपके दिसत नाहीत आणि फळ्यावरचं स्वच्छ वाचता येतं.

परवा रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला. नोट्सच्या एका ओळीचा फोटो होता, शब्दाभोवती लाल गोल केलेला. “मावशी, इथे ‘बन विभाग’ छापलंय ना? की मलाच दिसतंय?” मी फोटो मोठा करून पाहिला. व च्या पोटात तिरकी रेघ होती, ठसठशीत. मी तिला उत्तर पाठवलं: “छापलंय.”